कागदावर सुटलेला माणूस

१

सोमवारी दुपारी तीन वाजता रवी खोब्रागडे जेलमधून सुटला, अशी नोंद होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तो कुणालाही दिसला नव्हता.

हे मला सोनल मेश्रामनं फोनवर सांगितलं. फोन खरं म्हणजे माझ्या मुलाला, प्रितमला होता. पण अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या घरात सहाच्या आधी फोन उचलायला माझ्याशिवाय असतं कोण? प्रितम लॅबमध्ये, सून उपासना ऑफिसात, नातू डे-केअरमध्ये. घरात मी, फ्रीजची घरघर आणि खिडकीतून दिसणारी एकाच छापाची सात घरं. बायको गेल्यावर मुलानं प्रेमानं बोलावून घेतलं, प्रेमानं ठेवून घेतलं, त्याला बोल लावायला जागा नाही. पण दिवसाचे दहा तास माणसाचा आवाज कानावर पडत नाही, हे कुणाला सांगायचं? १९९५ च्या त्या मार्चमध्ये मी अशा थराला गेलो होतो की राँग नंबर आला तरी दोन मिनिटं चौकशी करायचो.

"जय भीम काका," सोनल म्हणाली आणि रडायलाच लागली.

ती आणि रवी दोघंही स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होते. गुरुवारी रवीच्या लॅबमधून कॉम्प्युटरच्या मेमरी चिप्स गायब झाल्या. कपाटाची किल्ली रवीकडे असायची, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. शनिवारी जेल भरलं म्हणून त्याला दुसऱ्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये हलवलं. सोमवारी सोनलनं फी घेऊन जामीन राहणाऱ्या जामीनवाल्याकडे जाऊन सही केली आणि जामीन झाला.

"मग झालं की," मी म्हटलं.

"कसलं झालं काका! पहिलं जेल म्हणतं, आमच्याकडून तो सुटला. दुसरं जेल म्हणतं, या नावाचा माणूस आमच्याकडे आलाच नाही. मी आज चारदा फोन केला. शुक्रवारी सकाळी दहाला हिअरिंग आहे. तो बाहेर आहे असं कोर्टाला वाटतंय. आला नाही तर फरार धरतील, वॉरंट काढतील, व्हिसा कॅन्सल. सगळं संपलं त्याचं. आणि गिरजाबाई मावशींना अजून यातलं काहीच माहीत नाही."

गिरजाबाई म्हणजे रवीची आई. ती मला चांगली माहीत होती. पवनीच्या ज्या हायस्कुलात मी सव्वीस वर्षं हेडक्लार्क होतो, तिथलाच रवी. त्याचं नाव रजिस्टरात मी घातलं आणि अमेरिकेला जाताना त्याचे दाखलेही मीच खरे करून दिले.

"बाबा, तुम्ही जाऊन काय करणार?" रात्री जेवताना प्रितम म्हणाला. "आपण एखादा लॉयर बघू."

"लॉयरनं त्याला कधी पाहिलंय?" मी म्हटलं. "तू मला फक्त बसमध्ये बसवून दे."

२

बुधवारी दुपारी मी स्टेट कॉलेजला उतरलो. रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते. सोनल तिची जुनी गाडी घेऊन आली होती. मुलगी दोन दिवस झोपलेली दिसत नव्हती.

रवीचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर. त्याचा रूममेट सिद्धेश पुण्याचा, चष्मेवाला, बोलायला गोड. त्यानं चहा केला, बिस्किटं काढली आणि तिसऱ्या घोटाला मनातलं बोलला.

"काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला वाटतं रवी पळाला. त्याचा पासपोर्ट या ड्रॉवरमध्ये असायचा. काल बघितलं, नाहीये."

"काहीही काय यार, सिद्धेश!" सोनल उसळली.

"मी फॅक्ट सांगतोय."

मी रवीच्या खोलीत गेलो. गादी जमिनीवर, भिंतीला टेकवलेली पुस्तकं, बाबासाहेबांचा एक लहान फोटो आणि कपाटात एक निळी फाइल. कारकुनाला फाइल दिसली की हात आवरत नाही. आत दहावीच्या बोर्डाचं सर्टिफिकेट, मार्कशीट, दाखले, सगळं ओळीनं लावलेलं. शेवटी पोस्टाची एक पावती होती. तीन आठवड्यांपूर्वी पासपोर्ट नूतनीकरणासाठी न्यूयॉर्कच्या वकिलातीला पाठवला होता.

मी पावती सिद्धेशच्या पुढ्यात ठेवली. "पळणारा माणूस पासपोर्ट आधी पोस्टात टाकत नाही, बाळा."

तो ओशाळला. मग मी त्याला विचारलं, "गुरुवारनंतर रवीचा फोन आला होता का?"

"नाही काका. जेलमधून कलेक्ट कॉल करावा लागतो, म्हणजे पैसे आपण भरायचे. ऑपरेटर आधी नाव सांगून विचारतो, घेणार का म्हणून. तसा रवीचा नाही आला."

"मग कुणाचा आला?"

तो गोंधळला. "एक राँग नंबर होता. रविवारी आणि परत सोमवारी. नाव आठवत नाही. यूपी-बिहारकडचं कुणीतरी वाटलं. मी म्हटलं, अशा नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही. ठेवून दिला."

मी कप खाली ठेवला. दोन दिवस, एकाच घरी, जेलमधून राँग नंबर. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. नुसत्या शंकेवर त्या पोराला रात्रभर जागवायचं नव्हतं. शिवाय शनिवारी कैदी हलवणाऱ्या व्हॅनमध्ये रवी चढला होता की नाही, हे अजून कुणी पाहिलं होतं?

३

गुरुवारी सकाळी आम्ही आधी जामीनवाल्याकडे गेलो. डेल नावाचा थुलथुलीत माणूस, टेबलावर तीन फोन. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळलं, निम्मं सोनलनं सांगितलं.

"जामीन माणसाच्या पाठोपाठ जातो," तो म्हणाला. "दहा जेलं बदला, जामीन तोच. पण कागद त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. पोचला नाही तर माणूस आत आणि नाव बाहेर. कोर्ट नावाकडे बघतं. उद्या दहाला तो नसला, तर मी या बाईंना शोधणार आणि पोलीस त्याला शोधणार."

तो वाईट नव्हता. त्याला फक्त सवय झाली होती.

पहिल्या जेलच्या खिडकीमागे मिशीवाला कारकून सँडविच खात होता. मला उगाच बरं वाटलं. कारकून कुठल्याही देशाचा असो, भुकेला असला की खरं बोलतो. मी म्हटलं, "मीही कारकूनच होतो, शाळेतला." त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"सोमवारी जामिनाचा कागद आला," तो म्हणाला. "आम्ही दुसऱ्या जेलला सुटकेचा फॅक्स केला आणि आमच्याकडे 'सुटला' असं लिहिलं. आमचा हिशेब संपला."

"त्यांचं उत्तर?"

त्यानं ट्रे चाळला. बराच वेळ चाळला. तळाशी एक फॅक्स निघाला, सोमवारचाच: 'या नावाचा कैदी आमच्याकडे नाही.' तो कागद कुणी वाचलाच नव्हता. कारकुनाचे कान लाल झाले.

"शनिवारी व्हॅनमधून किती माणसं गेली?" मी विचारलं.

"अकरा."

"यादी दाखवाल?"

यादी हातात देता येत नव्हती. त्यानं ती काचेआडून दाखवली. दहा नावं टाइप केलेली, अकरावं पेनानं खरडलेलं. दहावा नंबर संपल्यावर कुणीतरी जागा आहे म्हणून एक माणूस वाढवला होता. ते अकरावं नाव 'को' सारखं सुरू होऊन पुढे नुसती गांडुळाची वळवळ होती.

"याचे कागद, लायसन्स वगैरे?"

"घाईत इथेच राहिलं, सामानाच्या पिशवीत. तिकडे तोंडी विचारून लिहून घेतलं असणार." त्यानं रवीचा तक्ता वाचून दाखवला, "खोब्रागडे, रवी. जन्म ०६/०१/१९६७."

"सहा जानेवारी?" मी दचकलो. "मी तर एक जून लिहिली होती."

"एक जूनच आहे," सोनल म्हणाली. "इथे महिना आधी लिहितात, काका."

एक जूनबद्दल मला शंका असायचं कारणच नव्हतं. आमच्याकडे आई सांगायची, "धान कापणीच्या दिवसांत झाला जी." मग शाळेत घालताना आम्ही एक जून ठोकून द्यायचो. रवीच्या वर्गात एकोणीस पोरं एक जूनची होती. गावाला वाटायचं, भंडारा जिल्ह्यात जूनमध्ये पोरांचा पाऊस पडतो.

"आता एक काम करा," मी कारकुनाला म्हटलं. "त्या जेलला फोन लावा. माणसाचं नाव विचारू नका. शनिवारी व्हॅनमधून किती उतरले, एवढंच विचारा."

त्यानं फोन लावला, ऐकलं आणि माझ्याकडे बघत रिसीव्हर ठेवला.

"अकरा," तो म्हणाला.

४

बाहेर गाडीत बसलो, पण सोनलनं किल्ली फिरवलीच नाही.

"म्हणजे काय काका?"

"शाळेत आम्ही तासाला पोरं मोजायचो," मी म्हटलं. "पट जुळला आणि नाव जुळलं नाही, तर पोरगं पळालेलं नसतं. ते वर्गातच असतं, दुसऱ्या नावावर बसलेलं. अकरा चढले, अकरा उतरले. आपला रवी तिथेच आहे."

"पण दुसऱ्या नावावर का? तो खोटं नाव सांगणार नाही."

"खोटं कोण म्हणतं? तुला कुणी पूर्ण नाव विचारलं तर काय सांगशील? विचार करू नको, पटकन सांग."

"मेश्राम सोनल वामन," ती म्हणाली आणि एकदम थांबली.

आडनाव आधी, मग आपलं, मग बापाचं. बोर्डाचा फॉर्म, हॉलतिकीट, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे हाच क्रम. पोरांच्या डोक्यात तो मीच घोकून घोकून बसवला होता. चुकलं की फॉर्म परत फेकायचो. आणि या देशात शेवटी येतं ते आडनाव.

कोपऱ्यावर पब्लिक फोन होता. मी सोनलकडून सिद्धेशला फोन लावून घेतला.

"सिद्धेश, त्या राँग नंबरचं नाव सीताराम होतं का?"

"हो! सीताराम. एक्झॅक्टली. तुम्हाला कसं कळलं काका?"

"रवीच्या वडिलांचं नाव आहे ते. तिथला शिपाई कार्ड बघून ऑपरेटरला नाव सांगत असणार. रवीला बोलायला मिळालंच नसेल."

तो हळूच म्हणाला, "दोन वर्षं एकत्र राहतोय आम्ही. मला माहीतच नव्हतं."

मी त्याला रागावणार होतो, पण त्याचा आवाज ऐकून राहून गेलं. माझ्या सात शेजाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव मला कुठे माहीत होतं!

५

दुसरं जेल दोन तासांवर, डोंगरापलीकडे. पोचायला दुपारचे दोन वाजले. खिडकीशी एक उंच, गोऱ्या केसांची बाई होती, शिफ्टची प्रमुख. सोनल नाव सांगू लागताच तिनं मान हलवली. "फोनवर सांगितलं ना, के अक्षरात कुणी नाही."

मी खिशातून कागद काढून दोन ओळी लिहिल्या आणि काचेखालून सरकवल्या. आडनाव: सीताराम. जन्म: ६ जानेवारी १९६७.

"हे दुसरं कुठून आलं?" सोनलनं मराठीत विचारलं.

"आडनाव आधी सांगणारा पोरगा तारीखही आपल्याच पद्धतीनं सांगणार. एक, सहा, सदुसष्ट. हे लोक ते जानेवारी सहा असंच लिहिणार."

बाईनं कीबोर्ड बडवला. मग थांबली. पडद्याकडे, कागदाकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

"सीताराम, खोब्रागडे रवी," ती अडखळत म्हणाली. "बी ब्लॉक, नऊ नंबर."

सोनलनं तोंडावर हात ठेवला. मी तिथल्या बाकावर बसलो.

"त्याला बाहेर आणा," सोनल म्हणाली.

"नाही आणता येणार."

जामीन होता रवी खोब्रागडेचा, जन्म एक जून. तिच्याकडे होता सीताराम, जन्म सहा जानेवारी. "उद्या हा वेगळा माणूस निघाला तर मी कुणाचा कैदी सोडला म्हणायचं?" ती म्हणाली. तिचं चूक नव्हतं. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पहिल्या जेलमधून तिनं फोटो मागवला. फॅक्सवर आला तो शाईचा गोळा.

घड्याळात साडेतीन झाले होते. कोर्टाचं ऑफिस साडेचारला बंद होणार होतं.

मी सोबत आणलेली निळी फाइल उघडली. बोर्डाचं सर्टिफिकेट इंग्रजीत छापलेलं असतं, हे बोर्डाचे उपकारच म्हणायचे. मी ते काचेला टेकवलं.

"हे बघा. खोब्रागडे रवी सीताराम. तुमच्या पडद्यावरचेच तीन शब्द, फक्त सीताराम शेवटी. आणि खाली जन्मतारीख, आकड्यात आणि अक्षरात, एक जून एकोणीसशे सदुसष्ट. जामिनाच्या कागदावरची. एकाच कागदावर तुमचा माणूस आणि त्यांचा माणूस. दोघं वेगळे असतील तर या कागदात कसे बसतील?"

तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं. दोनदा वाचलं. मग सर्टिफिकेट घेऊन आत गेली. आम्हाला काचेपलीकडून तिची पाठ आणि कानाला लावलेला फोन दिसत होता. चार वाजून वीस मिनिटांनी ती परत आली.

"कोर्टानं मान्य केलं. दुरुस्तीचा फॅक्स येतोय. पण आज सुटकेची वेळ संपली. उद्या सकाळी सातला."

सात आणि दहा. मध्ये दोन तासांचा रस्ता. सोनलनं शेजारच्या मोटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या.

६

शुक्रवारी आठ वाजता लोखंडी दार उघडलं आणि रवी बाहेर आला. अंगात गेल्या आठवड्यातल्या गुरुवारचाच शर्ट. मला बघून तो जागीच उभा राहिला. पवनीचा हेडक्लार्क इथे कसा, हे त्याला कळेना.

"काका," एवढंच म्हणाला आणि माझ्या पायाशी वाकला. मी त्याला वर ओढलं. "पाया नंतर पड. आधी गाडीत बस."

सोनल वाऱ्यासारखी गाडी चालवत होती. मागच्या सीटवर तो माझ्या शेजारी. अर्धा रस्ता सरला. पण एक गाठ माझ्याच्यानं सुटत नव्हती.

"रवी, तुझं नाव चुकीचं लिहिलंय हे तुला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाहीस? अरे, त्या एका चुकीपायी तू आत राहिलास. आज दहाला फरार ठरला असतास!"

तो खिडकीबाहेर बघत होता. "जामीन झालाय हेच मला माहीत नव्हतं, काका. वाटलं, कुणी आलंच नाही. फोन दोनदा लावून घेतला, घरातून 'ओळखत नाही' म्हणाले. म्हटलं, खरंच आहे. कोण ओळखतं इथे आपल्याला?"

सोनलनं आरशातून बघितलं.

"पहिल्या रात्री सांगणारच होतो की नाव उलटं झालंय," तो पुढे म्हणाला. "सकाळी मोजणीला तो गार्ड ओरडला, 'सीताराम!' बाबा जाऊन बारा वर्षं झाली. विडीच्या कारखान्यात मुकादम असाच ओरडायचा, मी डबा घेऊन गेलो की ऐकायचो. त्यानंतर कुणाच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. इथे तर कुणाला माहीतही नाही. दिवसातून तीनदा तो गार्ड हाक मारायचा आणि मी ओ द्यायचो. वाटायचं, एवढं एक तरी सोबत आहे. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो."

मूर्खपणाच होता तो. त्यापायी पोरगं आयुष्यातून उठलं असतं. आणि तरी मला तो पुरता समजला. मी त्याचा हात धरला. बऱ्याच महिन्यांनी कुणाचा तरी हात धरला होता.

दहाला सात मिनिटं असताना आम्ही पोचलो. छोटीशी खोली, पुढे न्यायाधीश, बाजूला टायपिंग करणारी बाई. मागच्या बाकावर डेल घड्याळ बघत होता, रवीला पाहून त्यानं बाकावर अंग सैल सोडलं. भिंतीला टेकून सिद्धेश उभा होता, क्लास बुडवून आला होता.

चिप्स कुणी चोरल्या, हे त्या दिवशी ठरणार नव्हतं. (दोन महिन्यांनी त्या दुसऱ्याच लॅबच्या कपाटात सापडल्या आणि केस मिटली.) त्या दिवशी फक्त एकच गोष्ट ठरायची होती, की रवी खोब्रागडे पळालेला नाही, तो इथे उभा आहे.

टायपिंगवाल्या बाईनं वर न बघता विचारलं, "नाव?"

रवीनं माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. सव्वीस वर्षं पोरांना नाव कसं सांगायचं ते शिकवलं होतं, आता त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

"रवी," तो म्हणाला. "सीताराम. खोब्रागडे."

"मधलं नाव जामिनाच्या कागदावर नाहीये," बाई म्हणाली. "लागत नाही ते. सोडून देऊ?"

"नको," रवी म्हणाला. "लिहा. प्लीज."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "स्पेलिंग सांगा."

आणि त्यानं सांगितलं, एकेक अक्षर, घाई न करता.